कुंभकोणम्‌ आणि अंगविभागाचा जुना वाद

कावेरी आणि तिच्यापासून फुटलेली अरसलार या दोन प्रवाहांच्या बेचक्यात, तंजावरच्या ईशान्येस सुमारे ४० किलोमीटरांवर वसलेल्या कुंभकोणम्‌ नगरीची जी उत्पत्तिकथा स्थलपुराणांत सांगितली आहे, तिच्यात एका घटाचे फुटणे हीच मुख्य घटना आहे. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीची बीजे अमृतासह एका कुंभात भरून ठेवली, तो कुंभ जळावर तरंगत दक्षिणेकडे आला, किराताचा वेष घेतलेल्या शंकराने बाण मारून तो फोडला, आणि मग कुंभावरचा नारळ एकीकडे, बिल्वपत्र दुसरीकडे, त्याला गुंडाळलेले यज्ञसूत्र तिसरीकडे व ज्या शिंक्यात तो ठेवला होता ते शिंके आणखी कोठे पडून, जेथे जे पडले तेथे त्याचे शिवस्थान झाले. खापऱ्या आणि अमृताने भिजलेली वाळू यांचे जे लिंग बनले, तो आदिकुंभेश्वर. दर बारा वर्षांनी महामहमच्या पर्वणीस जो लक्षावधी यात्रेकरूंचा समुदाय तेथील तळ्यावर लोटतो, त्यांपैकी बहुतेकांस ही कथा पाठ असते. मात्र एका अविभक्त वस्तूचे विभाग होऊन त्यांतून सुव्यवस्थित रचना निर्माण व्हावी, ही जी कल्पना तिच्या मुळाशी आहे, ती याच पंचक्रोशीत वैद्य, पौराणिक, स्थपती अशा निरनिराळ्या मंडळींनी मानवी देहाच्या संदर्भातही हाताळली आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

प्रश्न सांगावयास सोपा आहे. आईच्या उदरात जो मांसाचा निराकार कण प्रथम असतो, त्याला मस्तक, मान, छाती, कंबर असे विभाग पडतात कसे? आधी अखंड पिंड असतो व मग त्याची वाटणी होते, की एकामागून एक भाग तयार होत जाऊन शेवटी अखंड देह सिद्ध होतो?

आपल्या प्राचीन वैद्यांनी या प्रश्नावर जो वाद केला, तो संहिताकारांनी मोठ्या प्रामाणिकपणे, प्रत्येक पक्षाच्या पुरस्कर्त्याचे नाव देऊन, नमूद करून ठेवला आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात शौनक म्हणतो, मस्तक प्रथम होते, कारण इंद्रियांचे मूळ तेथे आहे. कृतवीर्य म्हणतो, हृदय प्रथम, कारण बुद्धीचे आणि मनाचे ते स्थान. पाराशर्य नाभीचा पक्ष घेतो, मार्कंडेय हातापायांचा, आणि सुभूती गौतम मधल्या धडाचा, कारण बाकीची सारी अंगे त्यालाच जोडलेली आहेत. यावर धन्वंतरीचा निर्णय असा, की सर्व अंगे आणि प्रत्यंगे एकदमच उत्पन्न होतात, परंतु अतिसूक्ष्म असल्यामुळे प्रारंभी ती दिसत नाहीत. आणि दृष्टांत दिला आहे तो वेळूच्या कोंबाचा व आंब्याच्या फळाचा. चरकसंहितेत हीच सभा थोड्या निराळ्या नावांनी भरते, व तेथेही आत्रेयांचा कौल धन्वंतरीच्याच बाजूने पडतो. पण त्या सभेत मारीच काश्यप नावाचा एक ऋषी असा आहे, की जो म्हणतो, ही गोष्ट इंद्रियांना गोचर नाही, तेव्हा तिच्याविषयी काही ठरविणेच अशक्य. आणि सूक्ष्मदर्शक यंत्राच्या आधीच्या काळात याहून अधिक सरळ उत्तर कोणी दिले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

वेळूच्या कोंबाचा दृष्टांत मात्र वरवर समजून सोडण्याजोगा नाही. जमिनीतून वर आलेला कोवळा कोंब उभा चिरून पाहिला, तर पुढे तीस-चाळीस हात उंच जाणाऱ्या त्या वेळूची पेरे त्यात आधीच रचलेली आढळतात. वाढ होते ती दोन पेरांमधल्या अंतराची. म्हणजे ज्याने हा दृष्टांत योजला, त्याने वेळू नुसता पाहिला नव्हता, तर चिरून पाहिला होता. आणि ज्या संहितेत प्रेत गवताने वेष्टून संथ पाण्यात सात रात्री ठेवावे, मग वाळ्याच्या वा केसांच्या कुंचल्याने हळूहळू त्वचेपासून आतपर्यंतचे थर घासून प्रत्यक्ष पाहावेत, अशी आज्ञा आहे, तिच्या कर्त्याला तसे करणे शोभण्यासारखेच आहे. या सुश्रुतसंहितेची डल्हणाच्या टीकेसह जी प्रमाणभूत आवृत्ती आपल्याकडील वैद्यांच्या हाती आली, ती यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली व मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १९१५ साली निघालेली होय. त्याच निर्णयसागरातून विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०६ पासून, टी. आर. कृष्णाचार्य आणि टी. आर. व्यासाचार्य या कुंभकोणम्‌च्या पंडितद्वयाने दाक्षिणात्य पाठांच्या आधारे सिद्ध केलेले महाभारत छापून बाहेर पडू लागले, व कुंभकोणम्‌ प्रत या नावाने ते अभ्यासकांत आजही ओळखले जाते. कावेरीतीरावरच्या पोथ्या मुंबईत, निर्णयसागराचे संस्थापक जावजी दादाजी यांच्या खिळ्यांनी छापल्या जाव्यात, हा त्या काळच्या विद्याव्यवहाराचा एक लोभस प्रकार आहे.

महाभारताचे नाव येथे निष्कारण घेतलेले नाही. गांधारीच्या उदरातून दोन वर्षांनी लोखंडाच्या गोळ्यासारखी कठीण मांसपेशी बाहेर पडली, व्यासांनी तिच्यावर थंड पाणी शिंपडविले, तेव्हा तिचे अंगठ्याच्या पेराएवढे एकशे एक भाग झाले आणि ते तुपाने भरलेल्या कुंभांत वेगवेगळे ठेवण्यात आले, ही आदिपर्वातील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यात भाग पडतात ते एका देहाचे नव्हेत, एकशे एक देहांचे. तथापि अखंडाची आधी वाटणी व मग प्रत्येक वाट्याची पृथक् वाढ, हा धन्वंतरीच्या पक्षाशी जुळणारा क्रम तीत स्पष्ट आहे, व वाटणीचे माप देहाच्याच एका पेरावरून घेतलेले आहे. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

गर्भ घटात वाढविण्याची कथा कुंभकोणम्‌पासून काही कोसांवर, वेट्टार नदीच्या काठी असलेल्या तिरुक्करुकावूर येथे, आजही चालत्या उपासनेच्या रूपाने जिवंत आहे. निध्रुव ऋषीची पत्नी वेदिका गर्भवती असता, पती बाहेर गेलेला असताना ऊर्ध्वपाद ऋषी दारी आला, ग्लानीमुळे तिच्याकडून त्याचे आतिथ्य झाले नाही, त्याच्या शापाने तिचा गर्भ गळू लागला, आणि तिने धावा केल्यावर देवीने तो गर्भ एका दिव्य कुंभात ठेवून पूर्ण मासांपर्यंत रक्षिला, अशी ही कथा आहे. ती देवी गर्भरक्षांबिका. तिच्या पायाशी ठेवलेले तूप अपत्यार्थी स्त्रियांना आणि एरंडेल सुखप्रसूतीसाठी गर्भिणींना प्रसाद म्हणून दिले जाते. कुंभातल्या त्या गर्भाला अंगे कोणत्या क्रमाने फुटली, हे कथा सांगत नाही, व भाविकांनाही ते विचारण्याचे प्रयोजन पडत नाही.

आता आपल्या मराठी मंडळींचा या मुलखाशी जो संबंध आला, त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात तंजावरात अंमल बसविल्यापासून १८५५ साली दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूनंतर कंपनी सरकारने संस्थान खालसा करीपर्यंत, आणि त्यानंतरही, कुंभकोणम्‌ हे देशस्थ कारभाऱ्यांचे, कारकुनांचे व पंडितांचे एक मोठे ठाणे होते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन दरबारांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली येथेच जन्मले. तंजावरच्या रामदासी मठांत दासबोधाची पारायणे होत, आणि त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकातील पहिला समास गर्भवासाच्या दुःखाचेच निरूपण करतो. पण त्याचा हेतू वैराग्य उपजविण्याचा, शारीर शिकविण्याचा नव्हे. शारीराची खरी आस्था होती ती दुसऱ्या सरफोजीराजांना. १७९९च्या तहनाम्याने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, महाराजांकडे किल्ला तेवढा राहिला, आणि मग मुलखाच्या जमाबंदीतून मोकळ्या झालेल्या या पुरुषाने उरलेली तीन तपे सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह वाढविण्यात व धन्वंतरी महालात देशी आणि युरोपी वैद्यकाचा मेळ घालण्यात खर्च केली. १८२६ साली स्वतःच्या मृत्यूपूर्वी थोडेच दिवस त्यांना भेटलेल्या बिशप हेबरने लिहून ठेवले आहे, की महाराज लाव्हाज्ये, लिनियस आणि बुफाँ यांचे दाखले सहज देत. यांतला बुफाँ आम्हांस येथे विशेष महत्त्वाचा वाटतो. कारण अठराव्या शतकाच्या मध्यावर गर्भाच्या घडणीचा उलगडा करताना त्याने असे मत मांडले होते, की सजीव द्रव्याचे कण एका आंतरिक साच्यात बसून अवयवांचे आकार घेतात. साच्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करणारे लोक तंजावरपासून एका दिवसाच्या मजलीच्या आत, स्वामीमलैच्या गल्ल्यांत बसलेले होते.

स्वामीमलै हे कुंभकोणम्‌च्या पश्चिमेस अगदी लगतचे, मुरुगनच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी एक असलेले खेडे. तंजावरच्या व दारासुरमच्या चोळकालीन मंदिरांच्या कामावर आलेल्या स्थपतींचे वंशज येथे स्थायिक झाले अशी तेथील परंपरा सांगते, आणि ते येथेच का राहिले याचे उत्तर नदी देते: कावेरीच्या काठी येथे जो अत्यंत बारीक, वस्त्रगाळ पिठासारखा गाळ सापडतो, तो मेणाच्या मूर्तीवर चढविला असता नखाची कडासुद्धा जशीच्या तशी उचलतो. ओतकामाची ही रीत केवळ दक्षिणेची नव्हे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचविलेल्या मानसोल्लासात ती सविस्तर दिली आहे, आणि मेण आधी तोलून त्यावरून धातूचे वजन ठरवावे, ही युक्तीही त्यात आहे. मधमाश्यांचे मेण, राळ आणि भुईमुगाचे तेल यांच्या मिश्रणाची मूर्ती करावी, तीवर गाळाचे लेप देऊन वाळवावे, तापवून मेण काढून टाकावे आणि त्या पोकळीत तांबे, पितळ व शिसे यांत नावापुरते सोने-रुपे घालून केलेला पंचरस ओतावा. थंड झाल्यावर साचा फोडावा. साचा एकदाच उपयोगी पडतो, म्हणून एका मूर्तीसारखी दुसरी होत नाही.

पण मेणाला हात लावण्यापूर्वी स्थपती जे करतो, ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. मूर्ती जेवढ्या उंचीची करावयाची, तेवढ्या लांबीची माडाच्या झावळीची एक पात तो कापून घेतो, आणि तिला ठरलेल्या प्रमाणात घड्या घालतो. त्या घड्यांच्या खुणा म्हणजे देवाच्या शरीराचे विभाग. प्रमुख देवांसाठी जे उत्तम दशताल मान सांगितले आहे, त्यात उंचीचे १२४ भाग धरतात. त्यांतील एकेक भाग म्हणजे देहांगुल. एका प्रचलित मानाप्रमाणे माथ्यापासून केसांच्या कडेपर्यंत ४, मुख साडेतेरा, मान ४, मानेपासून हृदय, हृदयापासून नाभी व नाभीपासून जांघ ही तिन्ही अंतरे साडेतेरा-साडेतेरा, मांडी २७, गुडघा ४, पोटरी २७ आणि पाऊल ४. बेरीज करून पाहावी, जांघेशी बरोबर अर्धे, म्हणजे ६२, भरतात. देवींना याहून थोडे कमी मान, गणपतीला पाचच ताल. टी. ए. गोपीनाथ राव यांनी पुराणवस्तुसंशोधन खात्यासाठी लिहिलेल्या व १९२० साली प्रसिद्ध झालेल्या तालमानावरील प्रबंधात या सर्व गणिताची निरनिराळ्या आगमांवरून तुलना केली आहे, व ती वाचल्यावर प्रतिमाशास्त्र हे निव्वळ भक्तीचे खाते नसून त्याचा ताळेबंदही चोख असे, याची खात्री पटते.

यातील मर्म असे, की देहांगुल हे बाहेरून आणलेले माप नाही. गजाचा, हाताचा, फुटाचा हिशेब येथे चालत नाही. मूर्तीची स्वतःची उंची हीच तिच्या अंगुलाची जननी. म्हणून वीतभर देव्हाऱ्यातला नटराज आणि दिल्लीच्या भारत मंडपमपुढे २०२३ साली उभा राहिलेला, याच स्वामीमलैच्या स्थपतींनी ओतलेला सुमारे २७ फुटी नटराज, या दोघांच्या अंगविभागांची संख्या बदलत नाही, प्रत्येक विभाग तेवढा लहान-मोठा होतो. शिवाय तिन्ही पक्ष या एकाच कारखान्यात नांदतात. पात घडी घालताना अखंडाची वाटणी होते. मेणकाम करताना डोके, धड, हात वेगवेगळे घडवून मागाहून जोडले जातात. आणि धातू ओतला जातो तो सर्वांगी एकदमच.

निसर्गाने यांपैकी कोणती रीत पत्करली आहे? उत्तर असे आहे, की निरनिराळ्या प्राण्यांसाठी निरनिराळी. फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या फळमाशीच्या गर्भात धन्वंतरीचा पक्ष जवळजवळ अक्षरशः खरा ठरतो: अंड्याच्या संपूर्ण लांबीवर आधी ढोबळ, मग अधिक बारीक असे रासायनिक पट्टे उमटतात, आणि अंडे घातल्यापासून तीन-एक तासांत सारे विभाग जवळपास एकाच वेळी आखले जातात. क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोल्हार्ड आणि एरिक वीशाउस यांनी १९८० साली या आखणीची जनुके प्रसिद्ध केली, व १९९५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही झाली वेळूच्या कोंबाची तऱ्हा.

मानवाची तऱ्हा वेगळी आहे. गर्भधारणेनंतर सुमारे विसाव्या दिवशी, जेव्हा गर्भाची लांबी जेमतेम दोन मिलिमीटर असते, तेव्हा पाठीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पेशींच्या सलग पट्ट्यांतून, भावी मस्तकाच्या मागल्या टोकाशी, एक छोटीशी जोडी सुटी होते. तिला कायखंड म्हणतात. मग तिच्या मागे दुसरी, तिच्या मागे तिसरी, अशा क्रमाने शेपटीच्या दिशेने ४२ ते ४४ जोड्या होतात, व त्यांतील अगदी शेवटच्या काही पुढे नाहीशा होतात. मणके, बरगड्या, पाठीचे स्नायू आणि पाठीच्या त्वचेचा आतला थर ही सर्व या कायखंडांची संतती. कोंबडीच्या अंड्यातील ही दुहेरी मण्यांची ओळ इटलीतल्या मालपिगीने सतराव्या शतकातच, म्हणजे इकडे व्यंकोजीराजे तंजावरवर नजर ठेवून होते त्या सुमारास, सूक्ष्मदर्शकातून पाहून रेखाटली होती. पण ती का व कशी सुटत जाते, हे कळावयास पुढे तीनशे वर्षे लागली.

उलगड्याची पहिली किल्ली हाती लागली ती एका साध्या, काहीशा निर्दय प्रयोगातून. जोनाथन कुक या इंग्रज शास्त्रज्ञाने बेडकाच्या कोवळ्या गर्भाचा काही भाग काढून टाकून उरलेल्याला वाढू दिले, आणि त्याला असे दिसले, की लहान झालेल्या त्या गर्भात कायखंडांची संख्या घटत नाही, प्रत्येक कायखंडच त्या मानाने लहान होतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वाचताना आम्हांस स्वामीमलैच्या पातीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही: हे देहांगुलच आहे. भाग एकामागून एक पडतात खरे, पण प्रत्येक भागाचे माप समग्र देहाच्या लांबीवरून ठरते. शौनक आणि धन्वंतरी या दोघांनाही येथे अर्धा-अर्धा दावा सांगता येतो.

जे एकेक करून होते, त्याला समग्राची वार्ता कशी पोहोचते? पुढल्याच वर्षी कुकने क्रिस्तोफर झीमन या गणितज्ञाच्या साहाय्याने याचे जे उत्तर कागदावर मांडले, त्यात दोन गोष्टी होत्या. पट्टीतील प्रत्येक पेशीत एक घटिकापात्र ठराविक लयीने भरते आणि बुडते. व त्याच वेळी परिपक्वतेची एक सीमारेषा मस्तकाकडून शेपटीकडे सरकत जाते. एका बुडीत ती रेषा जेवढे अंतर तोडील, तेवढा एक कायखंड. लहान गर्भात ती संथ सरकते, म्हणून खंड आखूड होतात, गणती कायम राहते. वीस वर्षे ही निव्वळ कल्पनाच होती. १९९७ साली फ्रान्समध्ये ऑलिव्हिए पुर्की यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या गर्भातील एक जनुक दर ९० मिनिटांनी चेतत आणि विझत असल्याचे प्रत्यक्ष आढळले, तेव्हा गणिताचा हिशेब रुजू झाला. या लयीचे कारण असे, की अशा जनुकापासून जे प्रथिन बनते, ते त्याच जनुकाला दाबून टाकते. प्रथिन विरून गेले की जनुक पुन्हा चेतते. झेब्राफिश माशात हा फेरा अर्ध्या तासाचा, उंदरात दोन तासांचा, आणि २०२०च्या सुमारास प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशींत तो सुमारे पाच तासांचा भरला. सरकत्या सीमेचा बंदोबस्त शेपटीच्या टोकापासून पसरणाऱ्या काही रासायनिक संकेतांकडे आहे; त्यांच्या अमलाबाहेर पडलेल्या पेशींचे खंड पक्के होतात. सापांच्या काही जातींत कायखंड ३०० हून अधिक असतात, कारण त्यांची लय शरीराच्या वाढीच्या मानाने फार जलद चालते. खंड पडल्यावर मानेच्या मणक्याला बरगडी फुटू नये व छातीच्या मणक्याला फुटावी, ही नेमणूक पुन्हा वेगळ्याच जनुकांकडे आहे. तो विषय मोठा आहे, येथे सोडू.

एक गंमत मात्र सोडवत नाही. एका कायखंडाचा एक मणका, असे हे सरळ खाते नाही. रेमाक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ साली दाखविले, की प्रत्येक मणका पुढच्या खंडाचा मागला अर्धा आणि मागच्या खंडाचा पुढला अर्धा मिळून बनतो. स्नायू मात्र आपापल्या मूळ खंडाच्या हद्दीत राहतात. परिणाम असा, की प्रत्येक स्नायू दोन मणक्यांना जोडतो आणि कणा वाकू शकतो. ही अर्ध्या-अर्ध्याची अदलाबदल झाली नसती, तर नटराजाच्या कमरेचा बाकच काय, पण दफ्तरावर मान घालून बसणाऱ्या कारकुनाचे वाकणेही अशक्य होते.

ओतीव मूर्तीत हवा अडकून भोक पडले, वा एखादे बोट नीट भरले नाही, तर स्थपती ती वितळवून पुन्हा ओततो. कायखंडांच्या लयीत झालेली चूक तशी परत घेता येत नाही. अशा एका दोषाचे मूळ, ज्यात अनेक मणके अर्धेमुर्धे राहतात किंवा एकमेकांस चिकटतात आणि बरगड्याही जुळून जातात, एका जनुकाच्या बिघाडात असल्याचे २००० साली निश्चित झाले, आणि ते जनुक या लयबद्ध यंत्रणेचाच एक भाग निघाले. लहान मुलाचा कणा एकीकडे झुकलेला दिसला व क्ष-किरण चित्रात अर्धा मणका आढळला, तर अस्थितज्ज्ञ केवळ कण्यावर थांबत नाहीत. मूत्रपिंडांची आणि हृदयाचीही तपासणी करवितात, कारण ती अंगे गर्भात त्याच काही आठवड्यांत घडत असतात आणि एकाच्या घडणीत चूक झाली असेल तेथे दुसऱ्याच्याही झालेली पुष्कळदा आढळते.